बिअर्डीच्या पिल्लाला रोज अंघोळ घालायची का? पाणी पीतच नाही (बेळगाव, पावसाळा)

मोगरी, १७ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीत राहते. मुलगा सातवीत आहे. वर्षभराच्या हट्टानंतर मे महिन्याच्या शेवटी घरात बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे बिअर्डी नावाने पाळतात त्या सरड्याचं, पिल्लू आणलं. आणलं तेव्हा सात आठवड्यांचं आहे असं सांगितलं होतं, म्हणजे आता दहाचं झालं असेल. अंगावर भंडारा उधळल्यासारखा पिवळा रंग आहे, म्हणून पोराने नाव ठेवलं खंडू.

विकणाऱ्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. एक, हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. दोन, रोज वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, तो कातडीतून पाणी घेतो. आम्ही इमानदारीने तेच करत आलो. पोरगा क्लासवरून आला की साडेसातला एका टबात बोटभर पाणी घ्यायचं, खंडूला बसवायचं आणि वीस मिनिटं घड्याळ लावायचं. डोळे मिटून शांत बसायचा, त्यामुळे आम्हाला वाटायचं की त्याला आवडतंय.

आता आठ-दहा दिवस झाले, पाऊस थांबलेला नाही. खंडूचे डोळे आत गेल्यासारखे दिसतात. काखेजवळच्या कातडीला सुरकुत्या पडल्यात. आधी दिवसाला तीस-पस्तीस छोटे रातकिडे खायचा, गेले तीन दिवस चार-पाचावर आलाय. शी करतो त्यातला पांढरा भाग पिवळा आणि खडखडीत येतोय. घरी आला तेव्हा २४ ग्रॅम होता, आज २२ भरला.

सासूबाई म्हणतात, एवढंसं लेकरू आहे, रोज कशाला भिजवताय. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणतो दिवसातून दोनदा अंघोळ घाला. इथल्या दवाखान्यात नेलं होतं, त्यांनी सरळ सांगितलं की आमच्याकडे कुत्री, मांजरं, गाई येतात, यातलं आम्हाला माहीत नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा. पोरगा जेवलेला नाही आज.

अनगोळकर, १७ जून, रात्री १०:५०

मोगरीताई, पहिलं काम, उद्याची अंघोळ बंद. दोनदा तर अजिबात नको.

माझ्याकडे दोन बिअर्डी आहेत, मोठा पाच वर्षांचा आहे, दोन्ही पिल्लं असल्यापासून इथंच वाढवलीत. तुम्ही लिहिलंय त्यात मला पाण्यापेक्षा गारठा जास्त दिसतोय. तीन गोष्टी सांगा. बल्बच्या खाली जिथं तो बसतो, बरोबर त्या दगडावर किंवा फांदीवर तापमान किती आहे? काचेला चिकटवलेली गोल तबकडी सांगते ते नको, प्रोबवाली डिजिटल तापमापी त्या जागेवर ठेवून बघा. दुसरं, यूव्हीबीची (उन्हातले अतिनील किरण देणारी) ट्यूब आहे का, की नुसता बल्ब आहे? तिसरं, रात्री खोलीत किती तापमान असतं?

आणि साडेसातला अंघोळ म्हणजे त्यानंतर दिवा किती वेळ चालू असतो? पिल्लाचं अंग ओलं असताना दिवा बंद झाला तर ते रात्रभर गार पडतं. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटातलं अन्न पचत नाही, मग दुसऱ्या दिवशी ते खात नाही, खात नाही म्हणून त्याला पाणीही मिळत नाही. बघा, कसं फिरत जातंय ते.

डोळे मिटून बसणं म्हणजे आवडणं नव्हे. घाबरलेली बिअर्डी डोळे मिटते. पोटाखाली काळ्या रेघा आल्यात का तेही बघा.

अथणीकर, १८ जून, सकाळी ७:०५

अनगोळकर अण्णा, माझा अनुभव वेगळा आहे. मी रोज अंघोळ घालतो आणि माझं पिल्लू ठणठणीत आहे. बिअर्डी मागच्या वाटेनं पाणी शोषून घेतात असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. अंघोळ झाली की पिल्लू टवटवीत दिसतं की. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये माणसाची कातडी तडकते, तिथं त्या जिवाला पाणी नको का?

पशुवैद्य_चिकोडी, १८ जून, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. माझी नोकरी गाई-म्हशींची, पण सरपटणाऱ्या प्राण्यांवर शिकून घेतलंय आणि गेली काही वर्षं आजूबाजूच्या गावांतून कासवं, बिअर्डी, इग्वाना माझ्याकडे येतात.

आधी अथणीकरांच्या मुद्द्याबद्दल. सरड्याची कातडी बेडकासारखी नसते. बेडूक कातडीतून पाणी घेतो हे खरं आहे. सरड्याच्या खवल्यांत केराटिन असतं आणि त्याखाली चरबीचा थर असतो. अंगातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे, आणि जी भिंत पाणी बाहेर जाऊ देत नाही ती आतही येऊ देत नाही. 'मागच्या वाटे'चा समज कुठून आला तेही सांगतो. मूत्र बाहेर पडण्याआधी त्यातलं पाणी शरीरात परत घेण्याचं काम तिथं होतं. हे त्याच्या स्वतःच्या शरीरातलं पाणी वाचवणं झालं. टबातलं पाणी तिथून ओढून घेणं ही वेगळी गोष्ट आहे, त्याचा पुरावा नाही. अंघोळीत पिल्लाच्या पोटात पाणी जातं ते त्याने तोंडाने चाटलं तरच. काही पिल्लं टबात चाटतात, म्हणून मालकांना वाटतं अंघोळीने गुण आला.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला, पोगोना विटिसेप्स. तिथं तळी, डबकी फारशी नाहीत. पाणी मिळतं ते किड्यांतून, कोवळ्या पानांतून, दवातून. आणि पाऊस आला की तो काय करतो? अंग चपटं करतो, मागची बाजू उचलतो, डोकं खाली धरतो आणि पाठीवरून ओघळत तोंडाशी आलेले थेंब चाटतो. साचलेल्या पाण्याशी त्याचा संबंध फार कमी, म्हणून वाटीतलं स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून सहसा कळत नाही. हलणारा, चकाकणारा थेंब कळतो.

म्हणून मोगरीताई, ड्रॉपर घ्या. कोमट पाण्याचा एक थेंब नाकाच्या टोकावर, वरच्या ओठाच्या कडेला सोडा. थांबा. जीभ बाहेर आली की दुसरा थेंब. ही तहान भागवण्याची खरी रीत. सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका, तोंड उघडून तर मुळीच नाही. या प्राण्यांची श्वासनलिका जिभेच्या लगेच मागे उघडते. चुकून पाणी तिथं गेलं तर न्यूमोनिया होतो आणि २२ ग्रॅमच्या जिवाला तो झेपत नाही.

क्रम लक्षात ठेवा: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. गार आणि सुकलेल्या पिल्लाला किडे भरवले तर ते पोटात कुजतात.

शीबद्दल. पानाच्या डब्यातला चुना डोळ्यासमोर आणा. ताजा, ओलसर, पांढरा चुना असतो तसा तो भाग हवा. डब्यात आठवडाभर उघडा राहून पिवळट, भुसभुशीत खडा होतो तसा दिसला तर पाणी कमी पडतंय. तुमच्या वर्णनावरून पाणी कमी आहे हे नक्की. तोंडाच्या आत चिकट धागे दिसतात का तेही बघा. दोन दिवसांत फरक पडला नाही, किंवा वजन २० च्या खाली गेलं, तर घेऊन या. कातडीखाली सलाईन द्यावं लागेल. ते घरी करायचं काम नाही. येताना ताजी शी एका डबीत आणा, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासून घेऊ. लांबून आलेल्या पिल्लांत दोन्ही नेहमी सापडतात.

मोगरी, १८ जून, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी खडेबाजारातून प्रोबवाली तापमापी आणली. अनगोळकर दादा, तुम्ही म्हणालात तेच निघालं. बल्बखालच्या दगडावर ३१ अंश. काचेवरची तबकडी ३८ दाखवत होती, आम्ही तिच्यावर विसंबून होतो. पहाटे पाचला उठून बघितलं तर आत २०. ट्यूब आहे, पण जाळीच्या बाहेर, वर ठेवलेली.

पोटाखाली काळ्या रेघा आहेत. त्या नक्षीच्या आहेत असं आम्ही समजत होतो.

बल्ब बदलून जास्त वॉटचा लावला, दगड एक वीट घालून वर घेतला. आता ४० दाखवतंय. दुसऱ्या टोकाला २७.

थेंबाचं सांगते. औषधाच्या दुकानातून कानात औषध घालायचा ड्रॉपर आणला. पहिला थेंब नाकावर टाकला तर खंडूने डोकं झटकलं. दुसरा ओघळून गेला. तिसरा वरच्या ओठाच्या कडेला थांबला, दिव्याखाली चमकत होता. बराच वेळ काहीच नाही. मग जिभेचं गुलाबी टोक बाहेर आलं, थेंबाला लागलं आणि आत गेलं. लगेच परत आलं. मग थांबेचना. पोरगा मोजत होता, सतरा थेंब. एकेका थेंबाला मान थोडी वर करून गिळायचा. इतके दिवस आम्ही रोज त्याला पाण्यात बसवत होतो आणि तो तहानलेला होता. वाईट वाटलं फार.

जांबोटीचा_रानवेडा, १९ जून, सकाळी ६:५०

मोगरीताई, वाईट वाटून घेऊ नका, पिल्लू वेळेत सावरलं.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपडे चार दिवस वाळत नाहीत, मीठ बरणीत पाणी सोडतं. अशा हवेत बिअर्डी पाळायची तर बेळगाव शहरापेक्षाही जास्त काळजी घ्यावी लागते. माझी गोष्ट ऐका. पहिल्या पावसाळ्यात मीही रोज अंघोळ घालायचो, वर दिवसातून दोनदा पिंजऱ्यात पाण्याचा फवारा मारायचो, कुठंतरी वाचलं होतं म्हणून. ऑगस्टमध्ये पिल्लू तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागलं, नाकाशी बुडबुडे यायचे. बल्बखाली बसून तोंड उघडणं वेगळं, ते जादा उष्णता बाहेर टाकणं असतं. हे पिल्लू गार कोपऱ्यात बसून तोंड उघडत होतं. छातीचा संसर्ग झाला होता. पुण्याला नेईपर्यंत दोन दिवस गेले. गेलं ते.

तेव्हापासून माझा नियम, पावसाळ्यात पिंजऱ्यात पाण्याचा थेंबही सांडू द्यायचा नाही. फवारा नाही. पाण्याची मोठी वाटी नाही. तळाला माती, कोकोपीट, लाकडाचा भुसा काही नाही, नुसता कोरा कागद, रोज बदलायचा. वरची जाळी पूर्ण उघडी. या प्राण्याला तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, आमच्याकडे पावसाळ्यात घरात ती नव्वदच्या घरात जाते. खोलीची हवा आपल्या हातात नाही, पण बल्बखालची जागा कोरडी आणि गरम ठेवणं हातात आहे. दिवसभर तिथं अंग शेकलं की बाहेरची ओल पिल्लाला बाधत नाही. रात्री २० च्या खाली जाऊ लागलं तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. लाईट जाते तेव्हासाठी एक गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून तयार ठेवत जा.

आणखी एक, आणि हे इथल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. आत्ता, पाऊस सुरू होण्याच्या आगेमागे, आमच्या रानात काजवे उतरतात. कणकुंबी, चोर्ल्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात. दिव्याला एखादा घरात येतो. पोरं कौतुकाने पकडून पिंजऱ्यात सोडतील. काजवा बिअर्डीला विष आहे. एकाने मोठी बिअर्डीही मरते आणि मरायला फार वेळ लागत नाही. कृपा करून घरातल्या लहान मुलांना सांगून ठेवा.

अथणीकर, १९ जून, रात्री ८:१५

डॉक्टरांचं वाचून मी काल आणि आज एक करून बघितलं. आमच्या चुलत्यांचं सोन्याचं दुकान आहे, त्यांच्याकडनं ग्रॅमचे भाग मोजणारा काटा आणला. अंघोळीआधी पिल्लू मोजलं, ६३.४. पंधरा मिनिटं पाण्यात ठेवलं, तोंडाला पाणी लागू दिलं नाही, जुन्या मऊ फडक्यानं टिपून घेतलं, परत मोजलं. ६३.४. आज परत केलं, आज टबात शी केली, तर ६१.९. पाणी आत गेलं असतं तर काटा वर गेला असता. मग नाकावर थेंब दिले, मन भरेपर्यंत. ६३.१. मला माझं उत्तर मिळालं. डॉक्टर, तुमचं बरोबर आहे.

पण आमच्याकडच्या हवेचं सांगतो, कारण सीमाभागातली सगळी माणसं पावसातली नाहीत. अथणी, रायबाग, गोकाककडं पाऊस कमी, उन्हाळा कडक. मे महिन्यात खोलीतच ३८-३९ असतं. तेव्हा बल्ब चालू ठेवला तर पिंजऱ्यात थंड जागाच उरत नाही आणि पिल्लू तासाभरात सुकतं. मी दुपारी गरमीचा बल्ब बंद करतो, फक्त यूव्हीबीची ट्यूब ठेवतो. थेंब सकाळी आणि दुपारी, दोन वेळा. भाजी पाणी झटकून न टाकता तशीच ओली ठेवतो, पानावरचे थेंब चाटतो. पंखा थेट अंगावर नाही.

निपाणीची_लेक, २० जून, सकाळी ११:००

खाण्यातून पाणी हा भाग कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. पिल्लाच्या पोटात जाणारं बरंचसं पाणी किड्यांतून येतं. पण किडा स्वतः सुकलेला असेल तर त्यातून काय मिळणार? दुकानातून रातकिडे आणले की लगेच घालू नका. एक दिवस त्यांना गाजराचा कीस, भोपळ्याची फोड, शेवग्याचा पाला खायला द्या. मग कॅल्शियमची पूड लावून द्या. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. उरलेले रातकिडे रात्री आत सोडू नका, झोपलेल्या पिल्लाची बोटं कुरतडतात. मीलवर्म (दुकानात मिळणाऱ्या कडक अळ्या) लहान पिल्लाला नको, कवच कडक असतं आणि पाणी कमी असलं की अडकतं.

तुतीच्या शेतीवाला कुणी ओळखीचा असेल तर रेशमाच्या छोट्या अळ्या मागा. मऊ असतात, पाणी भरपूर, आजारातून उठणारं पिल्लूही खातं. पण ज्या तुतीवर औषध मारलंय तिच्यावरच्या नकोत.

आणि आमच्या निपाणीकडचं सांगते. तंबाखूच्या किंवा उसाच्या शेतातले टोळ, नाकतोडे पकडून घालू नका. औषध फवारलेलं असतं. माझ्या चुलतभावाने पैसे वाचतील म्हणून रोज बाटलीभर पकडून आणले, आठवड्यात पिल्लाला झटके यायला लागले.

भाजीत पालक, माठ, अळू टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि हाडं मऊ होतात. लेट्यूसमध्ये पाणी असतं म्हणून देतात, त्याने शी पातळ होते आणि उलट पाणी जातं. शेवगा, तुतीचा कोवळा पाला, लाल भोपळ्याचा कीस, जास्वंदीचं फूल, हे चालतं. जास्वंद तर खंडूला घालून बघाच, लाल रंग बघून तुटून पडतात.

अनगोळकर, २० जून, दुपारी ४:२०

लेकीने छान लिहिलं. यूव्हीबीबद्दल एक राहिलं. मोगरीताई, ट्यूब जाळीच्या बाहेर आहे म्हणालात, जाळी निम्मा प्रकाश खाऊन टाकते. शक्य असेल तर आत घ्या, पिल्लाला चढता येणार नाही अशी. खिडकीच्या काचेतलं ऊन चालेल असं कुणी सांगेल, पण काच यूव्हीबी अडवते. ट्यूब वर्षाने बदला, उजेड दिसत असला तरी.

शहापूरकर, २१ जून, रात्री ९:०५

मध्येच विचारतो. माझ्याकडे दोन पिल्लं एकाच पेटीत आहेत. एक चांगलं पाणी पितं, दुसरं कोपऱ्यात बसतं, अंगठ्याएवढंच राहिलंय. दोघांना एकत्र अंघोळ घातली तर त्याला भूक लागेल का?

अनगोळकर, २१ जून, रात्री ९:२०

शहापूरकर, अंघोळीचा प्रश्न नंतर. आज रात्रीच वेगळी करा. मोठं पिल्लू गरम जागा आणि खाणं दोन्ही अडवून बसतं, लहान उपाशी आणि गार राहतं. शेपटीचं टोक आणि बोटं चावून तोडतात हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दुसरी पेटी मिळेपर्यंत प्लॅस्टिकचा मोठा डबा, वर जाळी, वेगळा बल्ब. उद्या वजन कळवा.

मोगरी, २३ जून, रात्री ८:५०

खंडू आज २५ ग्रॅम. कालच्या शीमधला पांढरा भाग अगदी ओल्या चुन्यासारखा होता. सासूबाईंनी बघितला आणि त्याच म्हणाल्या, डॉक्टर म्हणाले तसा. आता रोज सकाळी दिवा लागल्यावर दोन तासांनी थेंब देतो, मग किडे. संध्याकाळचं शेवटचं खाणं दिवा बंद व्हायच्या दोन तास आधी. पोटाखालच्या काळ्या रेघा गेल्या. पोट पांढरं आहे हे आम्हाला पहिल्यांदा कळलं.

काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. चिकोडीपर्यंत पावसात, खंडू पोराच्या स्वेटरच्या आत. शीमध्ये कॉक्सिडिया थोडे निघाले, औषध सुरू केलंय.

शेजारच्या कन्नड काकू रोज विचारायला येतात, ओतिक्यात (कन्नडमध्ये सरडा) कसं आहे म्हणून. आधी दारातूनच बघायच्या, आता दारातली जास्वंद तोडून आणतात.

एक विचारायचं होतं. कात टाकायला लागलाय. पाठीवरची पांढरी पडून सुटतेय, पण मागच्या पायाच्या बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला घट्ट बसलीय. आता तरी अंघोळ घालायची का?

पशुवैद्य_चिकोडी, २४ जून, दुपारी १:१५

घाला. अंघोळीचा खरा उपयोग इथं आहे: कात मऊ करणं, अंगाला लागलेली घाण काढणं, बद्धकोष्ठ असेल तर ऊब देऊन आतडं हलतं करणं. पण आठवड्यातून एक-दोनदा, तेवढ्याने भागतं.

वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या मधली, म्हणजे नंतर अंग शेकायला चार-पाच तास मिळतील. आधी अर्धा तास बल्बखाली तापू द्या. पाणी ३२ ते ३५ अंश. खोली त्याच्या कोपरापर्यंत, म्हणजे पोट टेकलं तरी मान आरामात वर राहील. तळाला जुनं फडकं घाला, पाय घसरला की घाबरतं. दहा मिनिटं. तेवढ्यात पाणी गार होतं, शेजारी कोमट पाण्याचा तांब्या ठेवा आणि कडेने थोडं थोडं घाला, अंगावर नाही. फोन वाजला तरी उठू नका. पिल्लू पोहतं, अंग फुगवून तरंगतं, पण दमलं की बुडायला बोटभर पाणी पुरतं. शी केली तर पाणी लगेच बदला, नाहीतर तेच चाटेल. साबण नाही, शाम्पू नाही.

कात ओढू नका. बोटावरची कात ओढली की खालची कातडी येते. मऊ टूथब्रशने हलकेच फिरवा, सुटेल तेवढी सुटेल. शेपटीच्या टोकावर मात्र लक्ष ठेवा, तिथं जुन्या कातीचं कडं राहिलं तर रक्त अडतं आणि टोक काळं पडून गळतं.

नळाचं पाणी चालेल. राकसकोप धरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं, रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, वास जातो. बोअरचं खारट पाणी प्यायला नको.

अनगोळकर, २४ जून, दुपारी २:००

डॉक्टर लिहायचे राहिले म्हणून जोडतो. अंघोळीचा टब वेगळा ठेवा, त्यावर नाव घाला. घरातली परात, भाजी धुवायचं पातेलं, स्वयंपाकघरातलं सिंक यातलं काही नको. या प्राण्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचा जिवाणू असतो, त्यांना त्याचा त्रास नसतो, आपल्याला होतो. पाणी मोरीत ओता, मोरी धुवा, साबणाने हात धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा सासूबाईंसारखी वयस्कर माणसं असतील तर हे कटाक्षाने.

जांबोटीचा_रानवेडा, २४ जून, संध्याकाळी ७:३०

थोडं वेगळं, पण धागा वाचणाऱ्या पोरांसाठी. आमच्याकडे दोन मुलं आली, घोरपडीचं पिल्लू घेऊन, हेही असंच पाळता येतं का विचारायला. घोरपड आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला जे संरक्षण तेच तिला. पकडणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. जिथनं आणली तिथं त्या दोघांबरोबर जाऊन सोडली. बिअर्डी घेतानाही पावती घ्या आणि जपून ठेवा.

शहापूरकर, २५ जून, सकाळी ८:१०

वेगळी केली. लहानगं १४ ग्रॅम. परवा रात्रीपासून थेंब देतोय, काल पहिल्यांदा स्वतःहून तीन किडे खाल्ले.

मोगरी, २९ जून, दुपारी ३:४०

आज खंडूची अंघोळ झाली. बारा वाजता. टब माझ्या हातातून सासूबाईंनी घेतला. त्यांच्या हाताखालून घरातली सगळी बाळं न्हाऊन निघालीत, माझा मुलगाही. तापमापी ३६ दाखवत होती. त्यांनी कोपर पाण्यात घातला, म्हणाल्या, कडक आहे, आणि गार पाण्याचं अर्धं भांडं घातलं. परत बघितलं तर ३४.

एक हात त्यांनी खंडूच्या पोटाखाली ठेवला होता, बाळाच्या मानेखाली धरतात तसा. डोळे उघडे होते त्याचे. पाच मिनिटांनी त्याने मान खाली घातली आणि पाण्याला जीभ लावली, दोन-तीन वेळा. मग उजव्या मागच्या पायाच्या मधल्या बोटावरची कात मोज्यासारखी निघून पाण्यावर तरंगली. पोराने ती उचलून वहीत ठेवलीय. शेपटीच्या टोकाची अजून निघाली नाही, अर्धी सुटलीय. ब्रश फिरवला, ओढली नाही.

आजोबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात टिपून बल्बखाली ठेवलाय. २९ ग्रॅम. टोकाचं गुरुवारी परत बघू आणि इथं लिहीन.